करंट आणि मुंग्या

मास्तर पहिल्यांदा आमच्या ओपीडीत आले तेव्हा गळ्यातला टेप काढायचा विसरले होते. कराडकडच्या एका गावात त्यांचं शिलाईचं दुकान. तोल जाऊन उजवा हात काचेच्या कपाटात घुसला आणि मनगटाच्या वर दोन बोटांवर आडवी जखम झाली. त्याच रात्री जवळच्या दवाखान्यात टाके पडले. कार्डावर लिहिलं होतं, मीडियन नर्व्ह (मनगटातून अंगठ्याकडच्या बोटांना जाणारा मज्जातंतू) जोडली. सहा आठवड्यांत जखम भरली, पण अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. हातांचे पेशंट हेच माझं रोजचं काम, म्हणून ते माझ्याकडे आले.

"मॅडम, नस जोडलीय म्हणाले, मग कळत का नाही?"

आपल्याकडे या 'नस' शब्दाची मोठी पंचाईत आहे. रक्तवाहिनी ती नस, स्नायूची दोरी तीही नस, आणि मेंदूकडे निरोप नेणारा मज्जातंतूही नसच. मी त्यांना नर्व्हचं नेहमीचं गणित सांगितलं. कापलेल्या जागेच्या पुढचे तंतू मरतात, त्यांची आवरणं तेवढी उरतात, आणि वरून नवे तंतू त्या रिकाम्या नळ्यांतून वाढत खाली येतात. वेग दिवसाला साधारण एक मिलिमीटर. "महिन्याला एक इंच धरा, मास्तर." इंच म्हटल्यावर माणूस खुलला.

हा इंच मोजायला मशीन लागत नाही. नर्व्हच्या वाटेवर बोटाने टिचक्या मारत जायचं. वाढणारी टोकं जिथवर पोचली असतील तिथे टिचकी मारली की बधिर बोटांत झिणझिणतं. याला टिनेलची खूण म्हणतात. मास्तरांच्या व्रणावर टिचकी मारली आणि त्यांनी हात झटकन ओढून घेतला. "करंट लागल्यागत झालं!" मी वहीत लिहिलं, टिनेल पॉझिटिव्ह, व्रणावर.

दहाव्या आठवड्यात लिहिलं, व्रणावर. चौदाव्यातही तेच.

मधल्या काळात त्यांची आग वाढत गेली. रात्री शर्टाची बाही नुसती घासली तरी झोप मोडायची. डॉक्टरांनी नर्व्हच्या दुखण्यावरचं औषध, गॅबापेन्टिन, दिलं होतं, त्याने गुंगी यायची, आग तशीच. आणि मी काय म्हणत होते? "झोंबतंय म्हणजे नस जिवंत होतेय, मास्तर. थोडं सोसा." हे वाक्य मी त्यांना किमान चार वेळा ऐकवलंय.

त्या दिवशी पाऊस होता, ओपीडी रिकामी. मास्तर पिशवीतून पॉपलीनचा तुकडा घेऊन आले. "तोंडी सांगून तुम्हाला कळंना, करूनच दाखवतो." माझ्या टेबलावर कापड पसरलं, उजवा तळवा उघडून त्याच्यावरून फिरवला, आणि मनगट धरून ते खालीच बसले. कपाळावर घाम. "मूठ मिटली तर काही नाही. तळवा उघडला की करंट बसतो."

तळवा उघडला की. हे कुठल्या नर्व्हच्या पुस्तकात बसेना. मी त्यांचे दोन्ही हात अर्धा तास कोमट पाण्यात ठेवले. पाण्यात बोटं सुरकुततात ती कातडी फुगून नाही, तर नर्व्हच्या हुकमाने आतल्या रक्तवाहिन्या आकसतात म्हणून. डाव्या हाताची पाचही बोटं सुरकुतली. उजव्याची करंगळी सुरकुतली, आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट नुकत्याच पुसलेल्या काचेसारखी गुळगुळीत. मग म्हटलं, बोटं जुळवून मनगट आत वळवा. डाव्या मनगटावर मधोमध एक दोरी उठली, ती पाल्मारिस लाँगस. उजवीकडे सपाट. ही दोरी मीडियन नर्व्हच्या अगदी डोक्यावर असते आणि हाताच्या तळव्याला जाऊन मिळते.

वही घेऊन मी प्लास्टिक सर्जन सरांच्या खोलीत गेले. त्यांनी तीन ओळी वाचल्या, हात पाहिला आणि म्हणाले, "उघडावं लागेल. तूही ये बघायला."

दंडाला पट्टा बांधून रक्त थांबवलं की आत सगळं कोरडं आणि स्वच्छ दिसतं. दोरी मोत्यासारखी चकचकीत, घट्ट. नर्व्ह जरा पिवळसर, मऊ, अंगावरून बारीक रक्तवाहिनी पळणारी. रात्री, रक्ताच्या थारोळ्यात हा फरक हुकतो. इथे तो हुकला होता. नर्व्हचं वरचं टोक दोरीच्या खालच्या तुकड्याला शिवलेलं, नर्व्हचं खालचं टोक व्रणात एकटंच पडलेलं. तळवा उघडला की दोरी ताणली जायची आणि दोरी नर्व्हला खेचायची. जोडावर लसणीच्या पाकळीएवढी गाठ, वाट न सापडलेल्या तंतूंची.

सरांनी गाठ काकडीच्या चकत्यांसारखी कापत नेली, निरोगी तंतूंचे ठिपके दिसेपर्यंत. मध्ये चार सेंटिमीटरची फट उरली. पायाच्या पोटरीतून सुरल नर्व्ह काढली, तिचे चार तुकडे शेजारी शेजारी लावून पूल केला. त्याची किंमत म्हणून पावलाची बाहेरची कड बधिर झाली.

त्या रात्री मी टिनेलचं पुन्हा वाचलं. पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांवर काम करताना 1915 साली या फ्रेंच डॉक्टरने ती खूण मांडली. त्याच साली, समोरच्या बाजूला, जर्मनीच्या हॉफमननेही. टिनेलने खुणेला दिलेलं फ्रेंच नाव मुंगीवरून आलंय. म्हणजे आपल्या मुंग्याच. आणि त्याने तेव्हाच वेगळं काढून ठेवलं होतं, की दुखणं हे नर्व्ह डिवचली गेल्याचं लक्षण, मुंग्या हे वाढीचं. मास्तर एकदाही मुंग्या म्हणाले नव्हते. करंट म्हणाले होते, आग म्हणाले होते. 'पॉझिटिव्ह' मी लिहिलं.

पुढच्या भेटीत त्यांना हे जसंच्या तसं सांगितलं. ते गप्प राहिले. मग म्हणाले, "शिवलं कुठल्या धाग्यानं?" नऊ-शून्यचा नायलॉन, केसाहून बारीक, शून्यं वाढली की धागा बारीक होतो. "आमच्यातबी नंबर वाढला की बारीकच," ते म्हणाले, आणि तुकडा बघायला मागितला.

करंट ऑपरेशननंतर थांबला. आग कमी झाली, गेली नाही. अंगठ्याच्या मुळाचा सुकलेला स्नायू किती भरेल यावर सर अजून काही बोलत नाहीत. पाचव्या महिन्यात मास्तरांचा फोन आला.

"मॅडम, जखमेच्या खाली टिचकी मारली तर मधल्या बोटात मुंग्या येत्यात. खडूनं खूण केलीय."

"किती खाली?"

टेप उलगडल्याचा आवाज आला. "सव्वा इंच."

मी वहीत सेंटिमीटर करून लिहिलं, 3.2.