तीन मुलं, एक मॉडेल : ठोकळ्यांच्या गटाचा माझा अनुभव

'वाटून घे', 'नीट बोल', 'थांब जरा' हे मुलांना शंभरदा सांगून झालेलं असतं. सांगून न येणारं हे कौशल्य तीन मुलांच्या मध्ये एक काम ठेवलं की यायला लागतं, म्हणून मी लेगोवर (एकमेकांत अडकणाऱ्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांवर) आधारित गट घेते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल लेगॉफ यांनी ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या मुलांसाठी ही पद्धत विकसित केली. त्यावरचा त्यांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला.

मांडणी साधी आहे : तीन मुलं, तिघांच्या तीन भूमिका. इंजिनिअरकडे चित्रांची पुस्तिका, सप्लायरकडे ठोकळ्यांचा ट्रे, आणि जोडायचं काम बिल्डरचं. पुस्तिका इंजिनिअरलाच दिसली पाहिजे, म्हणून मी मध्ये पुठ्ठ्याचा आडोसा उभा करते. तो नसेल तर बिल्डर चित्रात डोकावून स्वतःच जोडत सुटतो आणि बोलायची गरजच उरत नाही.

गटाआधी प्रत्येक मुलाला एकेकटं घेऊन बघते : चित्र बघून पाच-सहा पायऱ्या जोडता येतात का, सांगितलेला ठोकळा ओळखता येतो का. हे कच्चं असेल तर आधी तेच पक्कं करायचं. पहिलं मॉडेल ३० ते ४० ठोकळ्यांचं पुरे. ठोकळे रंगांनुसार वेगळे करून ठेवावेत, नाहीतर सप्लायरचा सगळा वेळ शोधण्यात जातो. भूमिका मी घड्याळावर बदलत नाही. दर चार पायऱ्यांनी बदलते. घंटा वाजली की हातातलं काम अर्धवट सुटतं आणि भांडण तिथेच पेटतं.

खरं काम दिसतं ते असं. इंजिनिअर म्हणतो, "लाल दे." सप्लायर आठ टिपक्यांचा (वरच्या गोल उंचवट्यांचा) लाल ठोकळा देतो, हवा असतो चार टिपक्यांचा. बिल्डर तो लावतो, बसत नाही, चिडतो. इथे मोठ्या माणसाची जीभ वळवळते. मी मनात दहापर्यंत मोजते. बरेचदा तेवढ्यात कोणीतरी म्हणतं, "हा नाही, छोटा." नाहीच म्हणालं, तर एवढंच बोलते : "बिल्डरचा ठोकळा बसत नाहीये. काय करता येईल?" उत्तर मी देत नाही. 'त्याला टिपके मोजून सांग' असं मी सांगितलं की पुढच्या वेळी तिघंही माझ्याच तोंडाकडे बघतात. या गटात सर्वांत जास्त होणारी चूक हीच, आणि ती आपल्याकडून होते.

दुसरी चूक बक्षिसाची. मॉडेल पूर्ण केल्यावर बक्षीस ठेवलं की चपळ मूल बाकीच्यांच्या हातातून ठोकळे ओढायला लागतं. कौतुक करायचं ते वागण्याचं, तेही नाव घेऊन : "तू मागून घेतलंस, ओढलं नाहीस."

एखाद्याला सतत बिल्डरच व्हायचं असतं. त्यासाठी भूमिकांचा क्रम आधीच भिंतीवर लावते. वाद माझ्याशी न होता तक्त्याशी होतो. बोलणं कमी असलेल्या मुलाला ठोकळ्यांची चित्रकार्डं देते, तो कार्ड पुढे करून मागतो. आवाज चढला, ठोकळे आपटायला लागले, की काम थांबवून शांत कोपरा. रडण्याच्या भरात काहीही शिकवू नये. त्या वेळी मुलाच्या कानापर्यंत शब्द पोचतच नाहीत. काय बिनसलं ते निवळल्यावर, दोन वाक्यांत.

प्रगती मोजायला मी १० मिनिटांत मूल दुसऱ्या मुलाशी आपणहून किती वेळा बोललं किंवा त्याला किती वेळा खुणावलं, त्याच्या रेघा मारते. मला दिलेली उत्तरं धरत नाही. दोन-तीन सेशनवरून निष्कर्ष काढू नये. लेगॉफ यांच्या अभ्यासातसुद्धा मोजणी १२ आणि २४ आठवड्यांनी केली होती.

टेबलावर जमलं म्हणजे मैदानावर जमेलच असं मात्र नाही. म्हणून पालकांना घरी याच धाटणीचं काम द्यायला सांगते : दोघांनी मिळून चादरीची घडी घालायची, एकानं सांगायचं, दुसऱ्यानं करायचं, मग अदलाबदल. आईबाबांनी मध्ये बोलायचं नाही.