तुम्ही विचारलंत म्हणून: बाजारातली चिप उपग्रहात चालेल का?

विद्यार्थी-उपग्रह बांधणारे बहुतेक गट हेच विचारतात: अंतराळासाठीची एफपीजीए (आतलं सर्किट आपल्याला हवं तसं मांडता येतं अशी चिप) परवडत नाही, बाजारातली बसवली तर चालेल का? चालेल. पण कोणता भाग बंद पडला तर उपग्रहच हातचा जाईल, ते आधी ठरवा. तिथे काटकसर नको.

मंगळावर उडालेल्या नासाच्या इंजेन्युइटी या छोट्या हेलिकॉप्टरमध्ये ही वाटणी फार सुंदर केली होती. कॅमेऱ्याच्या चित्रांवरून वाट काढायला मोबाईलमधला स्नॅपड्रॅगन 801 प्रोसेसर, उड्डाण सांभाळायला मोटारगाड्यांसाठीचे दोन टीएमएस570 कंट्रोलर, आणि त्यांच्यावर पहारा ठेवायला प्रोएएसआयसी3 ही फ्लॅशवाली (सर्किटची मांडणी फ्लॅश मेमरीत ठेवणारी) एफपीजीए. एक कंट्रोलर बिघडला की ती दुसऱ्याकडे सूत्रं देणार. या जोडणीवर 72 उड्डाणं झाली.

पहारेकरी फ्लॅशवाला का? एसरॅमवाल्या एफपीजीएत सर्किटची मांडणीच एसरॅम या सहज बदलणाऱ्या मेमरीत साठवलेली असते. अंतराळातल्या किरणोत्सर्गाच्या एखाद्या कणाने त्यातला बिट उलटवला तर नुसता आकडा चुकत नाही, सर्किटच बदलतं. साध्या रिसेटने ते सुधारत नाही, मांडणी पुन्हा भरावी लागते. फ्लॅशमध्ये मांडणी टिकते, पण फ्लिप-फ्लॉप (एकेक बिट धरून ठेवणारी सर्किटं) तिथेही उलटतात. म्हणून महत्त्वाचं लॉजिक तिप्पट करून बहुमत घ्यायचं.

आणि इथेच हमखास फसगत होते. सिंथेसिस टूलला (लिहिलेल्या डिझाइनचं सर्किट बनवणाऱ्या सॉफ्टवेअरला) तिन्ही प्रती सारख्याच दिसतात, म्हणून ते दोन उडवून टाकतं. सिम्युलेशन मात्र पास होतं, कारण वागणूक तीच असते! कोडमध्ये प्रती राखायचा ॲट्रिब्यूट (टूलसाठीची सूचना) लावाच, शिवाय शेवटच्या नेटलिस्टमध्ये (तयार सर्किटच्या यादीत) फ्लिप-फ्लॉप मोजून बघा. स्टेट मशीनच्या (ठरावीक अवस्थांमधून पुढे जाणाऱ्या सर्किटच्या) न वापरलेल्या अवस्थांतून परतायची वाटही हे टूल अशीच छाटतं.

खरी धास्ती लॅचअपची. कण आदळून चिपच्या आत पुरवठ्यापासून ग्राउंडपर्यंत वाट उघडते, करंट चढत जातो आणि वीज तोडली नाही तर चिप जळू शकते. प्रत्येक साध्या चिपला स्वतंत्र करंट-लिमिटर द्या. मुख्य पुरवठा तोडल्यावरही शेजारच्या चिपकडून इनपुट पिनांवाटे वीज शिरत राहिली, तर लॅचअप सुटत नाही. त्या रेषाही तोडायची सोय ठेवा.

प्रोएएसआयसी3 वापरणार असाल तर टीआरएसटी पिन (जेटॅग या चाचणीच्या जोडणीचा रिसेट) उड्डाणाच्या बोर्डावर ग्राउंडला जोडा. नाहीतर एका कणाने जेटॅग जागं होतं आणि चिप काम सोडून चाचणीच्या अवस्थेत जाऊ शकते. टँटलम कपॅसिटर निम्म्या व्होल्टेजवरच चालवा. पिनांना शुद्ध कथिलाचा मुलामा नको, त्यातून केसासारखे धागे उगवून शॉर्ट होतो. निदान 3 टक्के शिसं हवं.

चाचणीच्या आणि उड्डाणाच्या चिपा एकाच लॉटमधल्या (एकाच वेळी बनवलेल्या गठ्ठ्यातल्या) घ्या. पार्ट नंबर तोच ठेवून आतला डाय (सिलिकॉनचा तुकडा) बदललेला असू शकतो, आणि मग किरणोत्सर्गाच्या चाचणीचा अहवाल तुमच्या चिपला लागू राहत नाही.