आमची वाटचाल : तिकीट वाचणाऱ्याच्या हातात होस्टचा ताबा

व्हर्च्युअल सर्व्हर भाड्याने देण्याच्या धंद्यात विकायची वस्तू सगळ्यांकडे जवळपास सारखीच असते. प्रोसेसर तेच, डिस्क त्याच, आणि एका मशीनवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारे केव्हीएम तर मुक्तस्रोत असून 2007 पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, समाविष्ट आहे. आमच्यासारख्या लहान कंपनीने मोठ्यांशी भावात झुंजायचे ठरवले असते, तर लवकरच गाशा गुंडाळावा लागला असता. म्हणून आम्ही भावाचा नाद सोडला आणि मध्यरात्री सर्व्हर बंद पडलेल्या ग्राहकाला उत्तर कोण देणार, हा प्रश्न आधी हाती घेतला.

या व्यवसायातील रूढ पद्धत अशी, की तिकीट, म्हणजे ग्राहकाची लेखी तक्रार, आधी ज्याच्याकडे जाते त्याला होस्ट, म्हणजे ज्यावर ग्राहकांचे व्हर्च्युअल सर्व्हर चालतात ते प्रत्यक्ष मशीन, पाहण्याची मुभाच नसते. त्याच्याकडे तयार उत्तरांचा साठा असतो. त्यातले एक तो पाठवतो, आणि ग्राहक चिडला की तिकीट वरच्या पातळीवर ढकलतो. पहिले उत्तर काही मिनिटांत गेल्याची नोंद होते, पण काम तिथेच असते. आम्ही ही उतरंड सुरुवातीपासूनच ठेवली नाही. तिकीट उघडणाऱ्या प्रत्येकाला होस्टवरचा भार पाहता यावा, व्हर्च्युअल मशीन दुसऱ्या होस्टवर हलवता यावे आणि रेस्क्यू मोड (बिघडलेले मशीन दुरुस्तीसाठी वेगळ्या सिस्टीमवरून चालू करण्याची सोय) सुरू करता यावा, असे ठरवले. अशी माणसे महाग पडतात, सहज मिळत नाहीत आणि मिळाली तरी त्यांना तयार करायला वेळ लागतो. त्यामुळे आमची वाढ संथ झाली, आणि ती संथच राहावी असे माझे अजूनही मत आहे.

या पद्धतीचा उपयोग कुठे होतो, ते एका तिकिटावरून सांगतो. एका ग्राहकाने लिहिले होते, 'दुपारनंतर साइट रखडते, तुमच्याकडे काही बदल झाला का?' अशा तक्रारीवर रॅम वाढवण्याचा सल्ला देणे सर्वांत सोपे, शिवाय त्यात विक्रीही होते. आमच्या सहकाऱ्याने मात्र साइट रखडलेली असतानाच, मशीनवरचा भार दाखवणाऱ्या 'टॉप' आज्ञेच्या पहिल्या काही ओळी मागवल्या. ग्राहकाच्या स्वतःच्या प्रोग्रॅमचा वापर कमी होता, डिस्कसाठी थांबण्याचे प्रमाण नगण्य होते, पण स्टील टाइमचा आकडा वीस टक्क्यांच्या वर गेला होता. म्हणजे त्याच्या मशीनकडे काम तयार होते, पण होस्टच्या प्रोसेसरचा प्रत्यक्ष कोअर (काम करणारा भाग) त्या वेळी दुसऱ्याच्या सेवेत होता. शेजारच्या एका मशीनवर व्हिडिओ रूपांतराचे काम सगळ्या कोअरवर चालू होते. ते मशीन चालू अवस्थेतच मोकळ्या होस्टवर हलवले, आकडा शून्याजवळ आला, आणि कारण आमच्या बाजूचे होते हे ग्राहकाला स्पष्ट शब्दांत कळवले. रॅम वाढवून यातले काहीही सुटले नसते. आता हा आकडा आम्ही होस्टवरूनच मोजतो आणि ठरावीक मर्यादा ओलांडली की ग्राहकाच्या तिकिटाची वाट न पाहता भार विभागतो.

याउलट, दोष ग्राहकाच्या मशीनच्या आत असतो तेव्हा काय करायचे, हा अधिक नाजूक प्रश्न आहे. आमची सेवा कागदोपत्री अव्यवस्थापित आहे. ऑपरेटिंग सिस्टीम आणि त्यावरील सगळे ग्राहकाने सांभाळायचे असते. ही सीमा आम्ही पाळतो, कारण ती सोडली तर हातावर मोजण्याइतक्या माणसांनी शेकडो निरनिराळ्या साइट दुरुस्त करत बसावे लागेल. पण 'हे आमच्या कक्षेत येत नाही' एवढ्या एका ओळीवर तिकीट बंद करायला आमच्याकडे मनाई आहे. डिस्कवर निम्मी जागा मोकळी दिसत असूनही फाइल लिहिताना 'जागा शिल्लक नाही' असा संदेश येतो, ही तक्रार नेहमीची. लिनक्सची एक्स्ट4 फाइल सिस्टीम तयार होतानाच आयनोडची, म्हणजे प्रत्येक फाइलमागे लागणाऱ्या नोंदीची, संख्या ठरते, साधारण दर 16 किलोबाइटमागे एक. 20 जीबीच्या डिस्कवर सुमारे 13 लाख. पीएचपी भाषेतल्या साइट प्रत्येक भेटीच्या सत्रासाठी बनवतात त्या चिमुकल्या फाइली साफ होत नसतील, तर हा साठा जागेच्या आधी संपतो. अशा वेळी 'डीएफ' आज्ञा 'आय' पर्यायासह चालवून पाहा आणि अमुक फोल्डर तपासा, एवढे सांगायला चार ओळी पुरतात. दुरुस्ती ग्राहकाची, निदान आमचे, अशी ही वाटणी आहे.

आमच्या सपोर्टची खरी कसोटी जानेवारी 2018 मध्ये लागली. मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधील त्रुटी 3 तारखेला जाहीर झाल्या आणि प्रत्येक होस्टचे कर्नल बदलून तो रीबूट करणे अटळ झाले. शिवाय सुधारणा टप्प्याटप्प्याने येत होत्या. काही मायक्रोकोडमुळे (प्रोसेसरच्या आतल्या सूचनासंचामुळे) मशीन आपोआप रीबूट होऊ लागल्याने त्याच महिन्यात ते न बसवण्याची सूचना आली. आम्ही प्रत्येक ग्राहकाला त्याचा होस्ट केव्हा बंद होईल, किती वेळ लागेल, दुसरा रीबूट का संभवतो आणि सिस्टीम कॉल (कर्नलकडे कामाची मागणी) जास्त करणाऱ्या डेटाबेससारख्या कामांचा वेग का घटू शकतो, हे आधी लिहून कळवले. वेळ गैरसोयीची असेल त्याला वेगळी वेळ दिली. गोंधळ बराच झाला, तरी 'सर्व्हर अचानक का बंद पडला' असे विचारणारी तिकिटे मोजकीच आली.

उपलब्धतेच्या हमीविषयीही आम्ही आकडा उलगडून सांगतो. 99.9 टक्के म्हणजे 30 दिवसांच्या महिन्यात सुमारे 43 मिनिटे सेवा बंद असली तरी हमी मोडत नाही. हे करार करतानाच कळले, तर नंतरचा वाद टळतो. रेड (तोच डेटा एकाच वेळी अनेक डिस्कवर ठेवण्याची पद्धत) आणि बॅकअप यांतला फरकही तेव्हाच सांगतो: चुकून पुसलेली फाइल रेडमधल्या सगळ्याच डिस्कवरून पुसली जाते.

अलीकडे आमचे बरेच काम तिकीट येण्याआधीचे असते. सेंटओएस 7 या लिनक्स प्रणालीचा आधार 30 जून 2024 रोजी संपणार होता. तिची तयार प्रतिमा वापरून तयार झालेल्या मशीनच्या मालकांना आम्ही आधीपासून पत्रे पाठवली आणि नव्या मशीनवर स्थलांतर होईपर्यंत जुने मशीन विनामूल्य चालू ठेवले. तरीही काहींनी अखेरच्या आठवड्यापर्यंत वाट पाहिली.

फोनवरून सपोर्ट मात्र आम्ही आजही देत नाही. आयपी पत्ता किंवा त्रुटीचा संदेश तोंडी सांगताना अक्षरे हमखास चुकतात, आणि पाळी बदलली की पुढच्या माणसाकडे लेखी काहीच राहत नाही. त्यावर काही ग्राहक नाराज होतात, तर काही याच कारणासाठी सोडूनही गेले आहेत. तूर्त तरी हा नियम बदलण्याचा आमचा विचार नाही.