पंचवीस सेंटांचं पत्र

ओहायोत राहायला आल्यावर जुन्या टपालाच्या प्रदर्शनात मी पहिलं पत्र विकत घेतलं. 1840 सालचं, आयोवा टेरिटरीतल्या बर्लिंग्टनहून पेनसिल्व्हेनियाला गेलेलं. पाकीट नाही, कागदच घड्या घालून लाखेनं बंद केलेला. वर गावाचा सुबक लाल शिक्का आणि ठळक '5'. आठवडाभर मी त्याच्याकडे बघत राहिलो.

मग टपालाचे दर वाचले आणि पोटात गोळा आला. अमेरिकेत जून 1845 पर्यंत टपालाचा आकार ठरायचा तो अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर. एका कागदाला 30 मैलांपर्यंत 6 सेंट, 400 मैलांपुढे 25. पाकीटसुद्धा कागद म्हणून मोजलं जाई, म्हणून कुणी ते वापरत नसे. 5 सेंटांचा दर आला जुलै 1845 मध्ये. पत्र खरं होतं, शिक्का मागाहून मारलेला. विक्रेत्यानं पैसे परत केले, पण खऱ्या पत्राची अशी नासाडी झालेली मला आजही सलते.

पुढच्या वेळी आधी आकडा पाहिला, मग बाकीचं. हे पत्र इलिनॉयमधल्या एका खेड्यातलं, 1839 चं, पेनसिल्व्हेनियालाच गेलेलं. खेड्यातल्या पोस्टात बहुधा शिक्काच नसे. पोस्टमास्तरनं गावाचं नाव, तारीख आणि '25' पिसाच्या लेखणीनं लिहिलेले. शाई तपकिरी पडलेली, सगळं एकाच हातचं. दिसायला साधं म्हणून स्वस्तात मिळालं. मला मात्र अशीच पत्रं जास्त मोलाची वाटतात.

खरी कसोटी वाचण्यात होती. दुसऱ्या कागदाचे पैसे पडू नयेत म्हणून पत्र लिहिणाऱ्या बाईनं पान आडवं फिरवून आधीच्या ओळींवरूनच पुन्हा लिहिलं होतं. आजोबांनी मला मोडी शिकवताना सांगितलं होतं, सुटं अक्षर शोधू नकोस, हाताचं वळण धर. तेच केलं. तीन रविवार लागले. मक्याचं पीक, डुकरांचे भाव, घरातल्या सगळ्यांना आळीपाळीनं येणारा हिवताप.

तेव्हा टपालाचे पैसे बहुतेक वेळा घेणाराच भरायचा, आपल्याकडच्या नॉटपेड पत्रासारखे. लाखेखाली दडलेली ओळ सगळ्यात शेवटी लागली. आई, याचे पैसे तुलाच द्यावे लागतील, पण लिहिल्यावाचून राहवेना.