‘ताई, माल खरंच खराब झाला होता का?’

फेब्रुवारी-मार्चमध्ये हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकू येतो. मी पिंपळगाव बसवंतजवळच्या एका पॅकहाउसमध्ये डिस्पॅच बघते. द्राक्षं रॉटरडॅमला उतरतात, तिकडून निरोप येतो की देठ तपकिरी पडलेत, पेट्यांत पाणी सुटलंय, आणि शेतकऱ्याच्या हिशोबातून पैसे कापले जातात. मग तो ऑफिसच्या दारात उभा राहून विचारतो, "ताई, माल खरंच खराब झाला होता का? तुमच्या कॉम्प्युटरवर तर सगळं दिसतं म्हणे."

तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

दिसतं, पुष्कळ दिसतं. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी २००६ साली अपेडाची, म्हणजे शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेची, ग्रेपनेट ही ऑनलाइन नोंदणी सुरू झाली. तुमचा प्लॉट तिच्यात नोंदलेला असतो, औषधांच्या अंशाचा लॅब रिपोर्ट तिथंच चढतो, आणि पेटीवरच्या नंबरावरून थेट तुमच्या बागेपर्यंत मागे येता येतं. २०१६ पासून न्हावा शेवा बंदराच्या कंटेनरना आरएफआयडी टॅग, म्हणजे रेडिओ लहरींनी ओळख पटवणारी चिपची पट्टी, लागायला लागले, पुढच्या वर्षी इलेक्ट्रॉनिक सील आलं. पूर्वी "गाडी कुठं पोचली?" म्हणून रात्रभर ड्रायव्हरला फोन लावायचो, आता जीपीएसमुळे गाडीचा ठिपका नकाशावर असतो.

पण गाडी कुठं आहे ते कळलं म्हणून पेटीत काय चाललंय ते कळत नाही. ते सांगतो डेटा लॉगर. काडेपेटीएवढी डबी. माल भरताना आम्ही ती पेट्यांमध्ये ठेवतो, दर काही मिनिटांनी ती तापमान लिहून घेते आणि तिकडे कंटेनर उघडला की त्याचा आलेख निघतो.

चार सीझनपूर्वीची गोष्ट. दिंडोरीकडच्या एका काकांचा माल होता, थॉमसन जातीची द्राक्षं. प्रीकूलिंगनंतर, म्हणजे भरण्याआधी माल गार करून झाल्यावर, मी स्वतः मण्यात थर्मामीटर खुपसून बघितला होता, अर्धा अंश. देठ हिरवेगार. तीन-साडेतीन आठवड्यांनी खरेदीदाराची तक्रार आली आणि किलोमागे १२ रुपये कापायचं ठरलं. काका काही बोलले नाहीत. टोपी काढून गुडघ्यावर ठेवून बसले. मी लॉगरचा आलेख मागवला. तो यायला चार दिवस लागले. समुद्रावरचे सगळे दिवस रेघ सपाट होती. वर चढली होती फक्त पहिल्या रात्री, दोननंतर. गाडी पडघ्याच्या अलीकडे उभी होती आणि जनसेट, म्हणजे कंटेनर थंड ठेवणारा जनरेटर, बंद होता. पाचेक तासांत रेघ चार अंशांच्या वर गेली, मग पुन्हा खाली आली. गार मालाला अशी ऊब लागली की पेटीत दव धरतं, त्या ओलाव्यानं ग्रेप गार्डच्या, म्हणजे बुरशी रोखायला पेटीत ठेवतात त्या, कागदातला गॅस नको तेवढा सुटतो आणि बुरशीलाही वाट मिळते. जीपीएसच्या नोंदीत गाडी तेवढाच वेळ तिथंच उभी दिसली. दोन कागद शेजारी ठेवले आणि काकांची कपात रद्द झाली.

म्हणजे माल खराब झाला होता हे खरंच होतं. तो काकांच्या हातून झाला नव्हता, एवढंच त्या रेघेनं सांगितलं. माझ्या मते या सगळ्या यंत्रांनी आपल्या धंद्यात आणलेला सगळ्यात मोठा बदल हाच आहे. त्याआधी तिकडचा माणूस म्हणेल तेच खरं धरावं लागायचं.

यंत्राला जे विचारलं नाही ते मात्र ते सांगत नाही. २०१० साल इथं कुणी विसरलेलं नाही. ग्रेपनेट होती, लॅबचे रिपोर्ट होते, तरी क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधापायी, म्हणजे आपल्या लिहोसिनपायी, युरोपात कंटेनर अडकले. तपासायच्या औषधांच्या यादीत ते नावच नव्हतं. आणि २०२४ च्या सीझनमध्ये तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून निघाली, तेव्हा मोबाइलवर जहाज रोज दिसत होतं; जादा लागलेले दहा-बारा दिवस काही त्यानं कमी झाले नाहीत.

मला खरी खंत आहे ती वेगळी. पेटीवरचा नंबर स्कॅन करून खरेदीदार तुमच्या बागेत पोचतो. तुम्ही कधी कुठलं औषध मारलंत, तेही त्याला विचारता येतं. तुमच्या पेटीचं पुढं काय झालं ते मात्र तुम्हाला कुणी कळवत नाही. लॉगरचा आलेख निर्यातदाराच्या मेलमध्ये पडून राहतो. काकांची कपात रद्द झाली ती मी मागवला म्हणून, आणि हे मला बरोबर वाटत नाही. ज्याच्या हिशोबातून पैसे कापायचे, त्याला आलेख आधी दाखवायला हवा. सौद्याच्या कागदावर ही अट लिहून घ्या, असं मी आता प्रत्येकाला सांगते. एकट्यानं मागितली तर टाळतील. गावातल्या दहा जणांनी मिळून मागितली तर द्यावी लागेल.

आमच्या मालकांनी गेल्या सीझनपासून परवानगी दिली आहे. आलेख आला की मी तो शेतकऱ्याच्या व्हॉट्सॲपवर टाकते आणि संध्याकाळी फोन करून समजावते. परवा दिंडोरीच्या काकांचाच फोन आला. "ताई, १४ तारखेला बंदरात रेघ थोडी वर गेलीय. तिथं कंटेनरला विजेचा प्लग लावायला उशीर केला का?"

मी आलेख उघडला. मला ते दिसलंच नव्हतं.