रात्रपाळीवरचं संशोधन आणि एथिक्स कमिटीतली फाइल

मानसशास्त्रातल्या पीएचडीत सगळ्यात जास्त वेळ कुठे गेला असं कोणी विचारलं, तर एकच उत्तर आहे: एथिक्स कमिटीची, म्हणजे माणसांवरचं संशोधन सुरू होण्याआधी ते तपासणाऱ्या समितीची, मंजुरी. प्रवेश परीक्षा, मुलाखत, कोर्सवर्क, गाइड मिळणं, सगळं वेळेवर झालं. त्याबद्दल तक्रार नाही.

विषय मी घरातूनच उचलला. बडोद्याच्या आसपास रिफायनरी आहे, खतांचे आणि पेट्रोकेमिकलचे कारखाने आहेत. दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या कितीतरी मराठी घरांत कोणी ना कोणी पाळीत कामाला असतं. माझे काका त्यातलेच. रात्रपाळीच्या माणसाचं लक्ष दिवसपाळीच्या तुलनेत किती ढळतं, हे मला मोजायचं होतं. त्यासाठी पीव्हीटी (सायकोमोटर व्हिजिलन्स टेस्ट) ही लक्ष मोजायची चाचणी घेतली. १० मिनिटं रिकाम्या पडद्याकडे बघत बसायचं; मध्येच, २ ते १० सेकंदांनी, आकडे धावू लागतात; दिसले रे दिसले की बटण दाबायचं. ५०० मिलिसेकंदांपेक्षा उशीर झाला की तो लॅप्स, म्हणजे लक्ष निसटल्याची एक वेळ, मोजतात. सुई नाही, गोळी नाही.

आणि कमिटीच्या अर्जात पहिला रकाना होता औषधाच्या नावाचा. मग मात्रा, दुष्परिणाम, विमा. अर्ज औषधांच्या चाचण्यांसाठी बनवलेला, आणि मानसशास्त्रवाल्यांनीही तोच भरायचा. मी प्रत्येक ठिकाणी 'लागू नाही' लिहिलं. फाइल परत आली, शेरा होता 'माहिती अपूर्ण'. शेवटी प्रत्येक रकान्यात पूर्ण वाक्य लिहिलं, 'या अभ्यासात कोणतंही औषध दिलं जात नाही', तेव्हा ती पुढे सरकली. तुम्हीही तसंच करा. लागू नाही, एवढ्यावर भागत नाही.

मग सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या क्लिनिकल ट्रायल्सच्या नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक मागितला. तिथली सक्तीची नोंदणी क्लिनिकल ट्रायलसाठी असते. मी कोणावर कसलाच उपचार करत नव्हते, फक्त दोन गटांचं लक्ष मोजत होते. हे गाइडच्या सहीने लेखी द्यावं लागलं.

मग बैठकच होईना. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कोरमला, म्हणजे बैठकीच्या गणसंख्येला, किमान ५ सदस्य लागतात आणि नुसते डॉक्टर जमून चालत नाही, बाहेरचे सदस्यही हवेत. नियम योग्यच आहे. पण दर वेळी कोणीतरी येणार नसायचं आणि ते आम्हाला दारात पोहोचल्यावर कळायचं. टेबलामागचे भाई म्हणायचे, "बेन, आवती मीटिंगमां आवजो." पुढची मीटिंग कधी, हे त्यांनाही माहीत नसायचं. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत पीएचडीला जास्तीत जास्त ६ वर्षं आहेत आणि ती चालूच राहतात. माझा संताप अजून उतरलेला नाही.

कारण शेवटी बैठक झाली तेव्हा कामाचा प्रश्न एकच निघाला आणि तो एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी विचारला, ज्या कमिटीत सामान्य नागरिक म्हणून होत्या. "एखाद्याचे लॅप्स जास्त निघाले आणि त्याच्या सुपरवायझरने आकडे मागितले, तर तू काय करशील?" खरी जोखीम हीच होती. नोकरीत हाताखाली असलेला माणूस 'नाही' म्हणायला कचरतो, म्हणून ती तत्त्वं कर्मचाऱ्यांना असुरक्षित गटात धरतात. मी त्याच आठवड्यात बदल केले: चाचणी कारखान्यात नाही, वस्तीतल्या सभागृहात, नावाऐवजी कोड, कोडची यादी वेगळ्या कुलपात, आणि संमतिपत्रात, मराठी-गुजराती दोन्हीत, स्पष्ट वाक्य की कोणाही एकाचे आकडे कंपनीला मिळणार नाहीत. मंजुरी मिळाली. हाच प्रश्न पहिल्या दिवशी विचारला असता तर मधले सगळे महिने वाचले असते. तुमच्या अभ्यासातली माहिती कोणाच्या हाती पडली तर माणसाचं नुकसान होईल, हे अर्ज भरण्याआधी स्वतःला विचारा आणि उत्तर प्रस्तावातच लिहा.

माणसं किती घेणार, हेही विचारतात. '३० पुरेत, सगळे तेवढेच घेतात' असं लिहू नका. जी-पॉवर हे त्याचं गणित करणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. दोन गटांत मध्यम फरक, म्हणजे डी (सरासरींतला फरक भागिले प्रमाण विचलन) ०.५, धरला आणि ८० टक्के पॉवर, म्हणजे फरक खरंच असेल तर तो सापडण्याची शक्यता, हवी असेल, तर दोन स्वतंत्र गटांच्या दोन-बाजूंच्या (टू-टेल्ड) टी-टेस्टला प्रत्येक गटात ६४ जण लागतात. लहान फरक, ०.२, धरलात तर तोच आकडा ३९४ वर जातो. हे गणित मी परिशिष्टात जोडलं होतं आणि त्यावर एकही शंका आली नाही, याचा मला अभिमान आहे.

विश्लेषणाचं कलमही आधीच लिहून ठेवा. प्रतिसादाच्या वेळा एका बाजूला लांब शेपटीसारख्या पसरतात, चार-दोन फार उशिरांनी सरासरी ओढली जाते. म्हणून पीव्हीटीत वेळेचा व्यस्तांक (१ भागिले वेळ) आणि लॅप्सची संख्या बघतात. लॅपटॉप सगळ्यांना एकच वापरा. ६० हर्ट्‌झचा पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनी बदलतो, कीबोर्डचा उशीर वेगळाच. निम्मे लोक एका मशीनवर आणि निम्मे दुसऱ्यावर बसवले, तर तो फरक पाळीचा की मशीनचा, हे सांगता येणार नाही.

मंजुरीचं पत्र हातात आलं की तिथेच उभं राहून वाचा. शीर्षक प्रस्तावाशी शब्दशः जुळतं का, संमतिपत्राची कोणती आवृत्ती मंजूर झाली, मुदत कधीपर्यंत आहे. पत्राच्या तारखेआधी एकाही माणसाची चाचणी घ्यायची नाही. माझ्या पत्रात जुनं शीर्षक छापलं होतं. भाईंनी ते दुरुस्त करून सही आणून देईपर्यंत मी टेबलासमोरून हलले नाही.