राजीनामा सोपा, नो ड्यूज अवघड

साहेबांना आधी समोर बसून सांगितलं, मग ईमेल पाठवला. नोटीस पिरियड सुरू झाला, हँडओव्हरही नीट झाला. इथपर्यंत काही सांगण्यासारखं नाही.

गाडी अडली ती नो ड्यूजच्या, म्हणजे आपल्याकडे कंपनीचं काही बाकी नाही अशा फॉर्मवर. आयटी, अ‍ॅडमिन, अकाउंट्स सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय एचआर रिलीव्हिंग लेटर (नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र) देणार नाही, आणि नव्या कंपनीला ते रुजू होतानाच हवं. अकाउंट्स म्हणे, आधी आयटीची सही आणा. आयटी म्हणे, लॅपटॉप जमा करा, मग सही. लॅपटॉप जमा होणार शेवटच्या दिवशी, कारण तोवर काम त्यावरच. आणि अकाउंट्स दुपारनंतर फॉर्मला हातच लावत नाही. "उद्या या ना." अहो, उद्या माझं कार्ड गेटवर तरी चालेल का? वर्षानुवर्षं माणसं नोकरी सोडतायत, तरी हे कोणाच्याच लक्षात आलेलं नाही!

त्यात रजिस्टरवर माझ्या नावे एक जुना लॅपटॉपही निघाला, कधीच बदलून घेतलेला. त्याची पोच मी जपून ठेवली होती. ती टेबलावर ठेवली तेव्हा आयटीतल्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा होता. ऑफिसची कुठलीही वस्तू परत केलीत की पोच घ्याच, समोरचा कितीही ओळखीचा असो.

शेवटी टेबलं फिरणं सोडलं आणि एचआरला एकच ईमेल लिहिला, सगळे विभाग सीसीमध्ये ठेवून: शेवटच्या दिवशी सकाळीच लॅपटॉप जमा करतो, सह्या त्याच दिवशी मिळाव्यात, अडचण असेल तर आजच कळवा. भाषा गोड, पण सगळं लेखी. सह्या झाल्या. इतके दिवस तोंडी विचारत होतो तेव्हा हेच लोक मान वर करत नव्हते.

लेटर हातात आलं की तिथेच वाचा: नावाचं स्पेलिंग, पद, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख. पगाराच्या स्लिपा मात्र त्याआधीच उतरवून घ्या, लॉगिन बंद झालं की कोणी विचारत नाही. एक्झिट फॉर्मवर स्वतःचा खाजगी ईमेल द्या. एक्झिट इंटरव्ह्यूत मनातली सगळी जळजळ ओकू नका; मीही गिळली, म्हणून तर इथे लिहितोय. आणि हो, हे राहिलंच: नवं ऑफर लेटर हातात पडल्याशिवाय राजीनाम्याचा विषयसुद्धा काढू नका.

फुल अँड फायनलचे, म्हणजे शेवटच्या हिशोबाचे पैसे नंतर सावकाश येतात. तोवर पगाराचं जुनं खातं बंद करू नका.